रात्रीचे हीटर

वीणा घारपुरे यांना ज्ञानेश्वर साठे ओळखत होते, असं म्हणणं जरा धाडसाचंच होईल. त्यांचं माहेरचं नाव काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना गाणं आवडायचं का, देवावर विश्वास होता की हात नुसते सवयीने जोडले जायचे, लंडनच्या पिनर भागात इतकी वर्षं काढली ती सुखात गेली की नाही, यातलं काहीच ज्ञानेश्वरांना सांगता आलं नसतं. ठाऊक होतं ते एवढंच, की वीणाताई स्वतःच्या चहात साखर घालत नसत, पण समोरच्याच्या कपात न विचारता दोन चमचे टाकून मोकळ्या होत. त्यांचे वडील वीज बोर्डात लाइनमन होते. आणि झोपण्याआधी त्या घरातली सगळी बटणं बंद करत.

मार्चमध्ये मँचेस्टरहून त्यांच्या मुलाचा, अंशुमनचा, फोन आला. "काका, आई गेली. झोपेतच. व्हेरी पीसफुल." थोडं थांबून तो म्हणाला, "तुम्ही तिला बरेच वर्षं ओळखत होता ना? ती तुमचं नाव घ्यायची."

"एक हिवाळा," ज्ञानेश्वर म्हणाले.

आपलं उत्तर तोकडं पडलं, असं त्यांना फोन ठेवल्यावर वाटत राहिलं. पण ते खोटं नव्हतं.

लंडनच्या दक्षिणेला, क्रॉयडनला, तो हिवाळा लवकर आला होता. लायब्ररीच्या तळमजल्यावर कौन्सिलने वॉर्म स्पेस उघडली. म्हणजे काय, तर काही खुर्च्या, भिंतीला एक लांबलचक रेडिएटर, अर्न नावाचा चहाचा नळवाला पिंप आणि बिस्किटांचा डबा. ज्यांना घर गरम ठेवणं जड जातं त्यांनी दिवसा इथे येऊन बसावं, असा हेतू. पण तसं कबूल कोणीच करत नसे. येणाऱ्या प्रत्येकाकडे वेगळं कारण असे. कोणी नातवाची वाट बघत असे, कोणाची ट्रॅम चुकलेली असे. ज्ञानेश्वरांचं कारण वर्तमानपत्र. बायको गेल्यापासून ते घरात एकच खोली तापवत, आणि त्या खोलीत दिवसभर एकट्याने बसलं की स्वतःच्या श्वासाचासुद्धा आवाज ऐकू येई, हे त्यांनी कोणाला सांगायचं कारण नव्हतं.

निळ्या कोटातली ती बाई रोज रेडिएटरला लागून असलेली खुर्ची धरायची. कोटाखाली स्वेटर, स्वेटरखाली बहुधा आणखी एक. ती मराठी असावी अशी ज्ञानेश्वरांना शंका होती, पण विचारायचं कसं? नसली तर? कित्येक दिवस त्यांनी तो प्रश्न वर्तमानपत्राच्या घडीत ठेवला. शेवटी एकदा तिने अर्नमधून कप भरला, एक घोट घेतला आणि स्वतःशीच म्हणाली, "काय हा चहा! गरम पाण्याची नुसती दृष्ट काढलीय."

ज्ञानेश्वर हसले आणि पकडले गेले.

"हसलात म्हणजे कळलं तुम्हाला," वीणाताई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या. "मराठी का?"

"हो. साठे."

"मग इतके दिवस मूग गिळून बसलात होय?"

"तुम्ही इंग्लिशमध्ये थँक्यू म्हणत होतात, त्यामुळे…"

"मग काय, अर्नपुढे मराठीत आभारप्रदर्शन करू?"

त्या दिवसापासून त्यांच्या शेजारची खुर्ची ज्ञानेश्वरांची झाली. बोलायच्या त्याच. ज्ञानेश्वर ऐकत, आणि कपात पडलेली साखर निमूटपणे पीत.

हळूहळू थोडंफार कळलं. मिस्टरांचं नाव शशिकांत. पिनरला घर होतं, तिथे अंशुमन लहानाचा मोठा झाला. मग तो नोकरीसाठी मँचेस्टरला गेला, शशिकांतांना जिना चढवेना, घर विकलं, आणि क्रॉयडनला तळमजल्यावरचा हा छोटा फ्लॅट भाड्याने घेतला. पिनरला गॅसचं हीटिंग होतं. "ते ह्यांचं खातं," वीणाताई म्हणायच्या. "बॉयलरचं घड्याळ लावायचं, पिना फिरवायच्या, माणूस बोलवायचा, सगळं ह्यांनी करायचं. मी एवढ्या वर्षांत हात लावला नाही. ह्यांनी माझ्या फोडणीला हात लावला नाही, मी ह्यांच्या हीटिंगला." नव्या फ्लॅटमध्ये गॅस नव्हता, सगळं विजेवर. तोवर शशिकांतांचा विसराळूपणा इतका वाढला होता की ते खातं कोणी सांभाळायला घेतलंच नाही.

आणि आता शशिकांत हॉस्पिटलमध्ये होते. छातीत कफ. शरद ऋतूत एकदा जाऊन आले होते, ख्रिसमसच्या आधी पुन्हा न्यावं लागलं. वीणाताई सकाळी लायब्ररीत येत, दुपारी बसने हॉस्पिटलला जात. नवरा बरा होतोय असं त्या सांगत. भात खाल्ला, अंशुमनशी फोनवर बोलले, नर्सला उगाच रागावले. एकूण बातम्या चांगल्या होत्या. म्हणून एक दिवस त्या हातातला कप न उचलता नुसत्या बसून राहिल्या, तेव्हा ज्ञानेश्वरांना काय विचारावं ते सुचेना.

"ह्यांना होममध्ये पाठवणार म्हणे," त्या आपणहून म्हणाल्या.

"घरी? मग चांगलंच आहे की."

"घरी नाही हो. होममध्ये. नर्सिंग होम. काय भाषा आहे बघा! घराला पण होम म्हणायचं, आणि म्हातारी माणसं नेऊन ठेवतात त्यालाही होमच."

झालं होतं असं. पेशंटला घरी सोडण्याआधी हॉस्पिटलची एक बाई घर बघून जाते, तशी ती येऊन गेली होती. तिने फ्लॅटमध्ये कोट काढला नाही. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघत होती. भिंतीवर तापमानाची पट्टी लावून ती बराच वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, की अशा छातीच्या माणसाला या खोलीत आणता येणार नाही. निदान अठरा अंश हवेत, आणि ते टिकायला हवेत. घर गरम राहतंय असं दिसलं तर बघू. नाहीतर जागा शोधावी लागेल, आणि जागा कुठे मिळेल ते सांगता येत नाही.

"मी ह्यांना शब्द दिलाय, घरी नेईन म्हणून," वीणाताई म्हणाल्या. "रोज विचारतात. बाकी सगळं विसरतात, हेच तेवढं विसरत नाहीत."

"हीटर नाहीत का फ्लॅटमध्ये?"

"आहेत की. दोन दोन आहेत, हे असे भिंतीएवढे. मेले चालतच नाहीत. बटण लावलं तरी थंडगार. माणूस येऊन बघून गेला, म्हणाला काही बिघडलेलं नाही. मी एक छोटा पंख्याचा हीटर घेतलाय, तो ह्यांच्या पायाशी लावायची. पण तो वीज खातो नुसता. लावायचा, बंद करायचा, पुन्हा लावायचा. असं किती करणार?"

लायब्ररीत मंगळवारी एक मुलगी टेबल मांडून बसत असे. तिचं नाव तनू. एका संस्थेसाठी ती हेच काम करायची: वीजबिल समजावून सांगणं, सवलत मिळवून देणं, घर गरम ठेवायला मदत शोधून देणं. ती जन्माने इथलीच होती, पण आई-वडील ठाण्याचे. मराठी बोलायची हौस तिला होती, सराव नव्हता. वीणाताई इतके मंगळवार तिच्या टेबलाला वळसा घालून जात होत्या.

"तिला विचारून बघू या का?" ज्ञानेश्वरांनी भीतभीत सुचवलं.

"नको. मागायला जाणारी माणसं नव्हेत आपण."

ज्ञानेश्वरांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. जास्त आग्रह करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. पण पुढच्या मंगळवारी वीणाताईच त्यांच्या खुर्चीपाशी वाकून कुजबुजल्या, "साठे, तुम्ही विचारा. माझं नाव नका घेऊ. म्हणावं, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

तेव्हा ज्ञानेश्वर उठले. अनोळखी माणसाच्या टेबलाशी जाऊन बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

"हां अंकल," तनू म्हणाली. "काय झाला त्यांना?"

"त्यांच्या घरातले हीटर चालत नाहीत."

"दोन्ही हीटर," मागून वीणाताई म्हणाल्या. त्या पाठोपाठ येऊन उभ्या राहिल्या होत्या.

तनूने एकदा त्यांच्याकडे, एकदा ज्ञानेश्वरांकडे बघितलं. "ओके. दोन्ही हीटर. त्या बाई एकटे राहतात?"

"सध्या एकट्या. पण त्यांचे मिस्टर घरी यायचेत," वीणाताई म्हणाल्या. "बाईंची फार ओढाताण चाललीय."

"मग मी त्या बाईंच्या घरी येऊ का? बघायला?"

"त्या बाईंना विचारायला लागेल," ज्ञानेश्वर म्हणाले.

"विचारलं," वीणाताई म्हणाल्या. "या म्हणतायत. उद्या. पोहे करते म्हणाल्यात."

तनूने तोंडावर हात धरला. वीणाताईही हसल्या, पण लगेच सावरल्या आणि पत्ता सांगायला लागल्या. एकटीने यायला त्या मुलीला अवघड वाटेल, असं कारण काढून त्यांनी ज्ञानेश्वरांनाही बोलावलं.

फ्लॅटचं दार उघडताच आतली थंडी अंगावर आली. बाहेरची थंडी निदान वाहती असते. ही साचलेली होती, न उघडलेल्या माळ्यासारखी. खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी धरलेली होती, आणि ती रोज पुसली जात असल्याचं दिसत होतं. हवा आत येऊ नये म्हणून न्हाणीघराची झडप चिकटपट्टीने बंद केलेली. सोफ्यावर दोन गोधड्यांची चळत. समोर एक उंच पाठीची खुर्ची, तिच्यावर दुमडून ठेवलेली शाल आणि वर चष्मा. ती खुर्ची कोणाची, हे सांगायला नको होतं.

वीणाताईंनी पोहे आणून ठेवले. वाफा इतक्या येत होत्या, की ती ऊब वीणाताईंच्याच अंगाला लागावी असं ज्ञानेश्वरांना वाटलं. तनू पोहे खायला बसली, पण तिचं लक्ष भिंतीकडे होतं.

"आजी, हा हीटर तुम्ही कधी लावता?"

"दिवसा. सकाळी उठले की बटण दाबते. काही होत नाही. लाल दिवासुद्धा लागत नाही."

"आणि रात्री?"

"रात्री बंद. झोपताना सगळी बटणं बंद करतो आम्ही."

तनूने चमचा बशीत ठेवला.

"तो माणूस आलेला ना, बघायला," वीणाताई सांगत होत्या, "तो आपला इथल्या पद्धतीने लव्ह लव्ह करत म्हणाला, काही बिघाड नाही, हे रात्रीचे हीटर आहेत. म्हटलं, असतील बाबा. पण रात्री आम्हाला काय करायचेत? रात्री आम्ही गोधडीत असतो. रात्री वीज जाळायची कशाला? थंडी वाजते ती दिवसा. दिवसाचे हीटर द्यायला काय झालं होतं यांना? आणि एकदा रात्री उठले होते तर दिवा आपोआप लागलेला! सकाळचं बटण बंद करायचं राहिलं असेल, पण रात्री मी हात लावलेला नव्हता, ह्यांनी नव्हता. घाबरून बंद केलं. त्यानंतर रोज आठवणीने बंद करते."

"नाही, नाही आजी," तनू म्हणाली. ती खुर्चीच्या कडेवर आली होती. "तो रात्री खातो. दिवसा देतो."

"कोण खातो?"

"हीटर! रात्री वीज खातो. मग दिवसा… ऊब देतो. आतमध्ये, यू नो, ब्रिक्स आहेत. विटा. त्या रात्री गरम होतात. रात्रीचा वीज स्वस्त आहे. दिवसा बटण दाबला तर काही येत नाही, कारण वीज रात्रीच येतो त्याला." तिने मदतीसाठी ज्ञानेश्वरांकडे पाहिलं. "अंकल, कसं सांगू?"

ज्ञानेश्वरांनाही असा हीटर माहीत नव्हता. पण तनू काय म्हणते ते त्यांना समजलं होतं, आणि ते वीणाताईंच्या भाषेत कसं सांगावं, हे क्षणभर शोधून ते म्हणाले, "विरजणासारखं आहे, वीणाताई. रात्री विरजण लावायचं. सकाळी दही."

वीणाताई थांबल्या. मग मोठ्याने हसल्या. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे मी रोज विरजण न लावता सकाळी भांड्यात डोकावत होते! आणि वर म्हणत होते, मेलं दही का लागत नाही!"

तनूही हसली. ज्ञानेश्वरही. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत तीन माणसं हसत असावीत.

आणि मग वीणाताईंचं हसू अर्ध्यातच थांबलं. त्या समोरच्या खुर्चीकडे, शालीवरच्या चष्म्याकडे बघत होत्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षीचा हिवाळा, आणि हा. मीच बंद करत होते."

तनू म्हणाली, "आजी, कोणी तुम्हाला नीट सांगितला नाही." पण ते तितकंसं खरं नव्हतं. त्या माणसाने सांगितलं होतं. त्याने म्हटलेला शब्दन् शब्द बरोबर होता. रात्रीचे हीटर.

"ह्यांना मीच गार केलं," वीणाताई म्हणाल्या.

ज्ञानेश्वरांना वाटलं, काहीतरी बोलायला हवं. छाती आधीच कमजोर होती, वय झालं होतं, असं काहीतरी. त्याऐवजी ते उठले. "चहा करू का?" त्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठे येतो." आणि उठून स्वतःच करायला गेल्या.

त्या दुपारी तनूने खूप काम केलं. झडपेवरची चिकटपट्टी काढली, खोलीतली ओल बाहेर जायला तीच वाट आहे असं सांगितलं. दाराखालच्या फटीला फोमची पट्टी लावली. वीजबिलात सवलत मिळते तिचा अर्ज तिने तिथेच फोनवरून भरला. वीणाताईंनी "आम्हाला नको हो" म्हटलं, तेव्हा तनू म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी नाही. त्या बाईंसाठी." वीणाताईंनी तिच्या पाठीत हलकीच चापट मारली. निघताना तिने भिंतीवरच्या बटणांवर कागद चिकटवला आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं: "बंद करू नका." मराठीतलं तिचं तेवढंच एक वाक्य निर्दोष होतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत वीणाताई आल्या त्या डोळे सुजवूनच.

"झोप नाही लागली," त्या म्हणाल्या. "बटण चालू ठेवून कधी झोपलेच नाही हो मी. आमच्या घरी तसं नव्हतं. वडील खांबावर चढलेले असताना खालून कोणीतरी बटण चालू केलं. मी शाळेत होते. तेव्हापासून आई रात्री घरभर हिंडून एकेक बटण बघायची. मग मी बघायला लागले. ती गेली, लग्न झालं, इथे आले, तरी बघते. काल दिवा आपोआप लागला, तेव्हा उठून हीटरजवळ जाऊन बसले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवून बसले होते."

"मग?"

"मग काय. पहाटे डोळा लागला. उठले तर काहीतरी वेगळं वाटलं. आधी कळेचना काय ते. मग कळलं, पाय थंड नव्हते." त्यांनी कप उचलला. "साठे, अहो, भिंत गरम झाली."

त्यानंतरचे दिवस वीणाताईंच्या तोंडी एकच विषय होता. पट्टीवरचा आकडा रोज थोडा थोडा चढत होता. सोळा झाला. सतरा झाला. एक दिवस त्या लायब्ररीत आल्याच नाहीत. ज्ञानेश्वरांना काळजी वाटली, पण फोन करावा की न करावा यात संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि म्हणाल्या, "काल घरीच बसले. घर गरम असताना इथे कशाला यायचं?" मग त्यांचा चेहरा बघून म्हणाल्या, "बरं, आले की आता."

हॉस्पिटलची बाई पुन्हा येऊन गेली. या वेळी तिने कोट काढला, खुंटीला लावला. पट्टी अठराच्या वर होती. येत्या शुक्रवारी घरी सोडू, ती म्हणाली. वीणाताईंनी शशिकांतांचे कपडे धुऊन ठेवले, खुर्ची हीटरपासून थोडी लांब सरकवली, कारण तनूने तसं सांगितलं होतं. तांदूळ निवडले. नवी गोधडी काढली. अंशुमनला फोनवर सांगितलं, "शुक्रवारी येतायत बाबा. नाही, होम नाही. घरी." तो म्हणाला, "आई, आर यू शुअर?" त्या म्हणाल्या, "तुझ्या मँचेस्टरच्या घरात काय तापमान असतं सांग बघू. नाही ना माहीत? मला माझ्या घराचं माहीत आहे."

बुधवारी वॉर्डात शशिकांतांना नव्याने ताप आला. वॉर्डात साथच होती, म्हणे. गुरुवारी ते कोणालाच ओळखत नव्हते. शुक्रवारी सकाळी गेले.

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी ज्ञानेश्वर पिठलं-भात घेऊन फ्लॅटवर गेले. डबा त्यांनी स्वतः केला होता, पिठलं जरा करपलं होतं, आणि येताना सगळ्या रस्त्यात परत फिरावं का हेच ते ठरवत होते. वीणाताईंनी दार उघडलं. अंगात कोट होता.

आतमध्ये पूर्वीचीच थंडी होती. ज्ञानेश्वरांनी भिंतीकडे बघितलं. तनूचा कागद जागेवर होता. खाली दोन्ही बटणं बंद.

"वीणाताई, बटणं…"

"एकटीला काय करायचीय ऊब."

ते उभे राहिले. डबा हातातच होता. कोणाच्या घरातल्या बटणाला न विचारता हात लावणं हे त्यांच्या स्वभावात बसणारं नव्हतं. तरी ते गेले, एक बटण दाबलं. मग दुसरं. दिवा लागला नाही, कारण दिवस होता. वीणाताई बघत होत्या. दोघांनी पिठलं-भात खाल्ला. "करपलंय," त्या म्हणाल्या, आणि आणखी वाढून घेतलं.

दोन दिवसांनी ज्ञानेश्वर पुन्हा गेले तेव्हा बटणं परत बंद होती. त्यांनी पुन्हा लावली. असं काही दिवस चाललं. रात्री त्या बंद करत, सकाळी ते येऊन लावत. दिवसा लावून उपयोग नाही, रात्री चालू राहायला हवं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. त्यावर ते बोलले नाहीत. आपण रात्री थांबून बटणावर पहारा तर देऊ शकत नाही, असं ज्ञानेश्वर स्वतःशी म्हणत. दुसरं काही करता आलं असतं का, ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

शेवटी अंशुमन त्यांना न्यायला आला. मँचेस्टरच्या घरात जमिनीखालून हीटिंग आहे, बटण कुठे असतं ते कोणाला दिसतही नाही, असं तो सांगत होता. वीणाताई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर शशिकांतांची शाल. फ्लॅटची किल्ली त्यांनी ज्ञानेश्वरांकडे दिली होती. सामान नंतर जाणार होतं, तोवर अधूनमधून बघायला.

अंशुमनने गाडी सुरू केली, तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"साठे, बटणं बंद केलीयत सगळी. तरी एकदा बघून घ्याल?"

"बघतो."

"आणि दार नुसतं ओढून घ्या. लॅच आपोआप लागतं."

"बरं."